माईची जीप, तोंड रस्त्याकडे

अविनाशचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघण्याच्या बेतात होतो. म्हणजे एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हाताने कोटाचे खिसे उलटे करून गाडीची किल्ली शोधत होतो, जे मी रोजच करतो. “सुधीर, आई गेली रे,” एवढंच तो म्हणाला. सकाळी उठून तिने स्वतःचा चहा केला, खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, आणि मेधा तिला वर्तमानपत्र द्यायला गेली तेव्हा चहा अर्धा होता आणि माई नव्हती... माई म्हणजे अविनाशची आई, माझी सख्खी मावशी आणि जुन्नरच्या पलीकडच्या डोंगरातल्या वीसएक वाड्या-वस्त्यांची एकुलती एक डॉक्टर. इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, अविनाशचं घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. ती दहा मिनिटं मी कशी काढली ते आठवत नाही. त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये आधीच आलेल्या एका व्हॅनच्या मागे गाडी नाकासमोर घुसवली आणि आत पळालो, एवढंच आठवतं.

तासाभराने माईला न्यायला आलेली माणसं तिला घेऊन बाहेर आली, तेव्हा कळलं की त्यांच्या काळ्या व्हॅनच्या पाठीला पाठ नव्हे, नाक लावून माझी गाडी उभी आहे आणि व्हॅनला बाहेर पडायला वाटच नाही. शेजारी अंगणात उभे, अविनाश दारात, मेधा त्याच्या खांद्याला धरून, आणि मी रिव्हर्स घेतोय. पहिल्या खेपेला मागचं चाक हिरवळीत गेलं. दुसऱ्या खेपेला पत्रपेटीचा खांब वाकला. व्हॅनचा ड्रायव्हर फार सभ्य माणूस, तो आकाशाकडे बघत राहिला. मला मात्र शपथेवर सांगता येईल की माईला शक्य असतं तर ती त्या व्हॅनमध्ये उठून बसली असती आणि म्हणाली असती, “सुध्या, उतर. मी काढते.”

कारण गाडीचं तोंड कायम रस्त्याकडे असलं पाहिजे, हा तिचा आयुष्यभराचा नियम. कुठेही पोचल्यावर ती आधी गाडी वळवायची आणि मगच उतरायची. तिच्या दवाखान्याच्या अंगणात जीप उभी असायची ती परतीच्या तयारीत, किल्ली आत, जणू आत्ता कोणीतरी हाक मारणार आहे. बरेचदा कोणीतरी मारायचंच. एका वस्तीवर बाळंतीण अडली होती तेव्हाची गोष्ट अप्पा, म्हणजे माईचे यजमान, रंगवून सांगत. माई पोचली आणि आधी त्या अरुंद जागेत गाडी पुढे-मागे करत वळवू लागली. बाईचा सासरा भडकला. “पोरगी मरायला टेकलीय आन् डॉक्टरीणबाई गाडी फिरवत्यात,” म्हणाला. माई गाडी वळवूनच आत गेली, तपासलं आणि पाचव्या मिनिटाला बाईला जीपमध्ये घालून जुन्नरला निघाली. त्या चिखलाच्या बोळातून तेव्हा वळायची वेळ आली असती तर काय झालं असतं, हे पुढे तोच सासरा गावभर सांगत फिरला. ते बाळ बारशाच्या आत जीपमध्ये दोनदा बसलं, असं अप्पा म्हणायचे. अप्पा हायस्कूलचे हेडमास्तर. स्वतः कधी चालवायला शिकले नाहीत. बायकोच्या शेजारी बसून मांडीवर छत्री आणि औषधांची पेटी धरायची, हे आपलं कर्तव्य आहे असं ते मानत.

ती जीप माईने १९८० साली घेतली, नवीकोरी, स्वतः पुण्याला जाऊन. तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. त्याआधी ती बैलगाडीने, एसटीने आणि नदीला पाणी असलं की चालत जायची. हिरवट रंग, वर ताडपत्रीचं छप्पर, मागे समोरासमोर दोन बाकं आणि गिअरच्या बाजूला एक आखूड दांडा. तो ओढला की चारही चाकांना जोर मिळायचा. त्या दांड्यावर माईचा जेवढा विश्वास होता तेवढा मला वाटतं देवावरही नव्हता. कॉलेजच्या सुटीत मी तिच्याकडे गेलो की ती मला गाडी शिकवायची. पुढे जायला मी चार दिवसांत शिकलो. मागे जायला शिकताना अंगणातल्या हौदाला धडकलो. हौदाचा कोपरा उडाला. माई उतरली, आधी जीप बघितली, मग हौद बघितला, आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, “पुढे काय, कोणीही जातं.” पुढची वीस-पंचवीस वर्षं कौटुंबिक समारंभांत तो हौद माझ्या नावाने ओळखला जात होता.

अप्पा गेले आणि २००३ च्या पानगळीत अविनाश तिला इकडे घेऊन आला. तेव्हा ती एकाहत्तरची. दवाखाना तिने एका तरुण डॉक्टरच्या हाती दिला, जीप मागच्या शेडमध्ये ताडपत्री घालून ठेवली आणि विमानात बसली. इथे तिचं सगळं व्यवस्थित होतं. मोठी खोली, स्वतःची न्हाणी, खिडकीतून तळं दिसायचं, मेधासारखी सून, आणि ‘आजी, टेल मी अनदर स्नेकबाइट स्टोरी’ म्हणणारी नेहा ही तेरा वर्षांची नात. अविनाश सकाळच्या गाडीने शिकागोला जायचा, मेधा ऑफिसला, नेहा शाळेत. मग घरात माई आणि भांडी धुण्याचं यंत्र. ती यंत्र लावायची, यंत्र थांबायचं, मग ती भांडी काढायची. त्या घरापासून चालत जाता येईल असं काही म्हणजे काही नव्हतं. फूटपाथ होता, पण तो दुसऱ्या तशाच घरांपाशी जायचा.

मेधा रोज विचारायची, “आई, कुठे जायचंय सांगा ना, मी संध्याकाळी सोडते.” मनापासून विचारायची. माई मान हलवायची. शेवटी एका रविवारी, आम्ही सगळे जेवायला बसलेलो असताना, तिने अविनाशला सांगितलं, “मला कुठे जायचंय असं नाही रे. पण जाता येत नाही, हे मला चालत नाही.”

अविनाशने समजूतदारपणे स्वतःची मिनीव्हॅन काढली आणि तिला शाळेच्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये घेऊन गेला. मी मागे बसलो होतो, म्हणून साक्षीदार आहे. ती गाडी ऑटोमॅटिक. माईच्या डाव्या पायाला काम उरलं नाही, आणि बेकार बसणं तिच्या कुठल्याच अवयवाला जमत नसे. तो पाय क्लच शोधायचा, त्याला ब्रेक सापडायचा आणि तो सगळा जोर लावून दाबायचा. तिसऱ्या वेळी अविनाशचा चष्मा डॅशबोर्डवर आणि मी पुढच्या दोन सीटच्या मधे. माईने शांतपणे गाडी बंद केली. “ही गाडी मला विचारत नाही,” ती म्हणाली, “आणि मी तिला सांगू शकत नाही.” क्लचवाली गाडी घेऊ, असं मी सुचवलं. पण त्यातही स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. “या वयात माझ्या हातापायांची बदली करू नकोस सुध्या. त्यांना जे येतं ते फार चांगलं येतं.”

पुढच्या आठवड्यात तिने मेधाला लायब्ररीत सोडायला सांगितलं, आणि संध्याकाळी परत येताना तिच्या पर्समध्ये झेरॉक्सचे नऊ कागद होते. परदेशातली जुनी गाडी अमेरिकेत आणायची तर इथले सुरक्षेचे सगळे नियम तिला लागू होतात, पण गाडी पंचवीस वर्षांची झाली की सुटते. धुराच्या नियमांतून तर त्याआधीच सुटते. तिने ते लाल पेनाने अधोरेखित केलं होतं. “माझी जीप मार्च ऐंशीची आहे,” ती म्हणाली. “दीड वर्ष थांबायचं.” अविनाश हसला. मग त्याच्या लक्षात आलं की हसणारा तो एकटाच आहे. तो म्हणाला, “आई, अगं, त्या गाडीला ना एअरबॅग, ना हीटर. लोक इथून तिकडे गाड्या पाठवायची स्वप्नं बघतात आणि तू...” ती म्हणाली, “अव्या, तुझ्या वेळी मी नऊ महिने थांबले होते, तेव्हाही सगळे असंच काहीतरी सांगत होते.”

ती खरोखर थांबली. फ्रिजवर कॅलेंडर लावून एकेक महिना खोडत थांबली. दोन हिवाळे त्या खिडकीशी काढले. या काळात तिने एकदाही कुरकुर केली नाही, पण मी पाहिलंय, फोनवर कोणी ‘माई, काय म्हणतेय अमेरिका’ विचारलं की ती एक क्षण थांबून म्हणायची, “खिडकीतून छान दिसते.” जीपला पंचवीस पूर्ण झाली त्या दिवशी मेधाने शिरा केला आणि नेहाने त्यात दोन आणि पाच अशा आकड्यांच्या मेणबत्त्या खोचल्या. “वी आर सेलिब्रेटिंग अ जीप दॅट इजन्ट इव्हन हिअर,” ती म्हणाली. माई म्हणाली, “येईल. वाढदिवस झाला की मुलं बाहेर पडतात.”

आणि त्याच वेळी मी एका लग्नाला पुण्याला जाणार होतो, त्यामुळे जीपला बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं. माईने डॉक्टरी अक्षरात यादी दिली. आरटीओतून नोंदणी रद्द केल्याचा दाखला. कस्टम्सचे कागद. बॅटरी सोडवणे, टाकी रिकामी करणे. आणि दोनदा अधोरेखित केलेलं: गाडी वाफेने धुणे, खालूनही, मातीचा कण राहता कामा नये. परदेशी माती इथे येऊ देत नाहीत, त्यातून किडे, रोग येतात, असं तिने मला समजावलं आणि मी ‘हो हो’ म्हटलं. मी जे काम सर्वांत मनापासून ‘हो हो’ म्हणतो तिथेच गोंधळ होतो, हे माझ्या बायकोचं निरीक्षण आहे.

तसं मी धुण्यात काही कमी ठेवलं नाही. हायवेवरच्या सर्व्हिस स्टेशनवर गाडी तीनदा खालून-वरून धुवून घेतली. तिथला मेकॅनिक म्हणाला, “साहेब, नवरदेवाची गाडी हाय का? येवढं तर नवरदेवालाबी कोणी धुवत न्हाई.” सगळं यादीप्रमाणे चाललं होतं. मग जीप मुंबईच्या बंदराकडे निघायच्या आदल्या दिवशी मी एकटाच माईच्या गावी गेलो. दवाखाना उघडा होता, तरुण डॉक्टरने चहा पाजला, हौदाचा उडालेला कोपरा जागेवरच होता. अंगणात जिथे जीप उभी असायची तिथे चाकांच्या दोन खाचा अजून होत्या... आणि मला भरून आलं. पंधरा-वीस वर्षं परदेशात राहिलेल्या माणसाला भरून येणं फार लवकर जमतं. मी ती तांबडी माती दोन मुठी उचलली, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पुण्याला परतल्यावर जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत पान्ह्यांच्या खाली ठेवली. माई इथे जीपमध्ये पहिल्यांदा बसेल तेव्हा ती बरणी काढून तिच्या हातात द्यायची, असा माझा बेत. त्या वेळी बोलायची चार वाक्यंसुद्धा मी विमानात तयार केली होती.

जहाजाने, मग मालगाडीने, जीप शिकागोजवळच्या कंटेनर यार्डात पोचली. आम्ही घरी पोळ्यांवर तूप वाढून फोनची वाट बघत होतो. फोन आला तो शेतकी तपासणीच्या ऑफिसातून. गाडीत माती सापडली आहे, मालकाने यावं.

फोन घेतलेल्या मेधाने हे सांगितलं तेव्हा मी तिच्या मागे उभा होतो. माझा चेहरा पाहून माईने विचारलं, “सुध्या, धुतली होतीस ना?” मी म्हटलं, “तीनदा.” ते खोटं नव्हतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

यार्डात आम्ही तिघं गेलो, माई, अविनाश आणि मी. कंटेनरचं दार उघडं होतं आणि आत अंधारात ती जीप, तोंड बाहेर करून. मुंबईत चढवणाऱ्यांनी सहज तशी चढवली असेल, पण माईने ते पाहिलं आणि तिच्या खांद्यांमध्ये काहीतरी सैल झालं. तेवढ्यात तपासणी अधिकारी पुढे आली, माझ्याच वयाची उंच बाई, हातमोजे घातलेली, आणि हातमोज्यात माझी बरणी. ती म्हणाली की गाडी स्वच्छ आहे, खालून इतकी स्वच्छ गाडी क्वचितच बघायला मिळते, पण हे पेटीत लपवलेलं होतं. लपवलेलं असेल तर बाकी काय लपवलंय हे पाहावं लागतं. गाडी परतही पाठवता येते.

परत पाठवायची म्हणजे कुठे? तिकडची नोंदणी रद्द झालेली, शेडमध्ये आता तरुण डॉक्टरचा जनरेटर. आणि माईची दीड-पावणेदोन वर्षं... अविनाश हात जोडायच्या बेतात होता. मी तोंड उघडलं आणि भावना, मातृभूमी, संस्कृती असं काहीतरी इंग्रजीत बोलू लागलो. माईने माझ्या दंडाला धरून मला मागे घेतलं, लहानपणी घ्यायची तसं.

“यू आर राइट,” ती त्या बाईला म्हणाली. “आय अ‍ॅम अ डॉक्टर. आय वुड हॅव स्टॉप्ड इट ऑल्सो. टेल मी व्हॉट टु डू, आय विल डू इट. इफ यू हॅव टु सेंड बॅक, सेंड बॅक.” ना विनवणी, ना वय सांगणं. त्या बाईने सांगितलं की माती नष्ट केली जाईल, गाडी पूर्ण उघडून मान्यताप्राप्त ठिकाणी पुन्हा साफ होईल, पुन्हा तपासली जाईल. पुन्हा काही सापडलं तर मात्र परत. दहा-बारा दिवस लागतील. “थँक यू फॉर डुइंग युअर वर्क,” माई म्हणाली, आणि मला वाटतं त्या बाईला असं कोणी आधी म्हटलं नसावं.

परतीच्या रस्त्यावर माई म्हणाली, “सुध्या, ती माती कशाला आणलीस?”

“तुझ्यासाठी. तिथली आठवण म्हणून...”

“मातीत काय असतं, माहीत आहे? जंत. चाळीस वर्षं मी त्या मातीशी भांडले. अनवाणी फिरणाऱ्या प्रत्येक पोराच्या आईला सांगितलं, चपला घाल, चपला घाल. रक्त कमी झालेल्या बायका तपासल्या. आणि तू तीच बरणीत भरून आणलीस.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “मला तिथली आठवण नकोय रे. ती आहे माझ्याकडे भरपूर. मला इथे गाडी हवीये.”

परदेशातल्या कित्येक भाषणांमधून, दिवाळी अंकांमधून मी मातीबद्दल जे काही ऐकलं-वाचलं होतं, आणि खरं सांगायचं तर एक-दोनदा लिहिलंही होतं, ते सगळं त्या एका वाक्यापुढे पोकळ वाटलं. मी ते दहा दिवस विसरलेलो नाही. ती नेहमीसारखी उठायची, यंत्र लावायची, पण खिडकीशी बसायची नाही. मेधा म्हणाली, आई पाठ करून बसतात. मी रोज संध्याकाळी जायचो, अपराध्यासारखा कोपऱ्यात बसायचो, आणि ती मला चहा द्यायची. चहात साखर बरोबर असायची. रागवली असती तर बरं वाटलं असतं.

अकराव्या दिवशी जीप सुटली. अजून नंबर प्लेट नव्हती, म्हणून ती एका सपाट ट्रकवर चढून घरी आली. ट्रकवाल्याने ती उतरवली आणि गराजकडे तोंड करून लावून दिली. माई त्याला म्हणाली, “वेट.” साडीवर नेहाचा जाड स्वेटर, पायात बूट. तिने जीपभोवती एक फेरी मारली, प्रत्येक टायरला बुटाच्या टोकाने ढोसलं, वर चढली, आखूड दांड्यावर क्षणभर हात ठेवला आणि चालू केली. तो घरघराट ऐकून समोरच्या घरातले शेजारी बाहेर आले. एकदा मागे, एकदा पुढे, एकदा मागे, आणि जीप गराजच्या दारात पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून उभी. इंच-इंच मोजून लावल्यासारखी. ट्रकवाल्याने टोपी काढली. नेहा म्हणाली, “आजी, दॅट वॉज सो कूल.” आजी म्हणाली, “कूल नाही, सोय.”

सीटबेल्ट बसवले, इंडिकेटर बसवले, कागद झाले. मग लायसनची परीक्षा. परीक्षक डावीकडे बसला, जिथे या देशात ड्रायव्हर बसतो, आणि त्याच्यासमोर स्टिअरिंग नव्हतं. मेधा सांगते की गाडी बाहेर पडली तेव्हा त्याचे पाय गाडीच्या फरशीला घट्ट दाबलेले होते. इंडिकेटर लावूनही माई सवयीने खिडकीतून हात काढायची, आणि रस्त्यातले दोघे-तिघे तिला उलट हात करून गेले. पण परीक्षकाने सरळ रेषेत मागे जायला सांगितलं तेव्हा ती ज्या रेषेत गेली, तशी रेघ मला पट्टी धरूनही काढता येत नाही. पास झाल्यावर तो म्हणाला, कुठे शिकलात? माई म्हणाली, “चिखलात.”

आणि मग तिने जे केलं त्याला आम्ही मंगळवारची फेरी म्हणायचो. आमच्या त्या भागात माईसारखे कित्येक होते, मुलांच्या चांगल्या घरांत, चांगल्या खिडक्यांशी बसलेले. देशपांडे आजी, नागपूरचे कुलकर्णी आजोबा, समोरच्या गल्लीतल्या गुजराती बा. माई दर मंगळवारी दहा वाजता निघायची, एकेकाच्या दारात जीप उभी करायची, तोंड रस्त्याकडे, आणि त्यांना मागच्या बाकांवर बसवून लायब्ररी, वाणसामानाचं दुकान, दातांचा डॉक्टर, नाहीतर नुसतंच नदीकाठी. पहिल्या दिवशी देशपांडे आजी दारातच थबकल्या. “मुलाला फोन करून विचारते हं, माई.” माई म्हणाली, “विचारू नका. सांगा.” आजींनी सांगितलं. नंतर आजी मला म्हणाल्या, “अहो, मुलगा ‘बरं’ म्हणाला. इतकी वर्षं मी ‘नाही’ ऐकायच्या भीतीने विचारलंच नव्हतं.”

हिवाळ्यात त्या जीपला हीटर नाही. चौघे जण कानटोप्या, शाली, दोन-दोन मोजे घालून समोरासमोर बसायचे, गुडघ्याला गुडघा लावून, आणि त्यांच्या गप्पांची वाफ ताडपत्रीला लागायची. एकदा इतका बर्फ पडला की अविनाशची व्हॅन ड्राइव्हवेच्या तोंडाशीच रुतली आणि त्याची शिकागोची गाडी सुटायला वीस मिनिटं राहिली. माईने आखूड दांडा ओढला, लॅपटॉप मांडीवर धरलेल्या मुलाला स्टेशनवर सोडलं आणि जाताना म्हणाली, “संध्याकाळी कुठे जायचं असेल तर सांग हं, मी सोडते.” मेधा हे सांगताना अजून हसते. मागच्या महिन्यात सांगताना मधेच थांबली...

माई गेल्याला आता दीड महिना झाला. दिवसकार्याच्या वेळी कुलकर्णी आजोबा माझ्याशेजारी बसले होते. उठताना म्हणाले, “मंगळवारी आता दहाला मी बूट घालून बसतो. सवय लागलीय हो.” नेहा आता गाडी छान चालवते, माईनेच शिकवली, पण ती कॉलेजला दूर गेली. अविनाशला ऑफिस. तेव्हा मंगळवारची फेरी शनिवारी करायची असं ठरलं आणि ती कोण करणार या प्रश्नावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मेधाने आधी पत्रपेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

गेल्या शनिवारी मी पहिली फेरी केली. उजवीकडचं स्टिअरिंग हाताला आठवत होतं, हौदाच्या दिवसांपासून. बा म्हणाल्या, “हळू हं भाई,” आणि कुलकर्णी आजोबांनी पूर्ण वेळ मागचा बार धरून ठेवला, पण सगळे लायब्ररीत गेले, परत आले आणि जिवंत आले. त्यांना सोडून मी जीप अविनाशच्या घरी आणली आणि दमून नाकासमोर गराजमध्ये घातली. किल्ली काढली. उतरलो. पाठीमागे रस्ता, समोर भिंत, भिंतीवर माईची कानटोपी खिळ्याला टांगलेली.

मी पुन्हा चढलो. किल्ली लावली. पहिल्या खेपेला हिरवळ. दुसऱ्या खेपेला पत्रपेटी वाचली, पण थोडक्यात. मेधा दारात येऊन उभी राहिली, मदतीला म्हणून नव्हे, नुसतीच. तिसऱ्या खेपेला, रस्त्यावर वळून पाठ गराजकडे केल्यावर, जीप मागे सरकत गेली, हळूहळू, आरशात खिळ्यावरची टोपी मोठी होत गेली, आणि मी ब्रेक दाबला. तिरकी लागली होती, पण तोंड रस्त्याकडे होतं. किल्ली मी आतच ठेवली.